दोन गावं, दोन भाव

एकच कंपनी, एकच शेअर, लाभांशही तोच, आणि भाव मात्र गावागणिक वेगळा! आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आता मोबाईलवर बीएसई आणि एनएसई असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात. मोठ्या कंपनीचा शेअर असेल तर त्यांच्यात पाच-दहा पैशांचा फरक असतो आणि आपण तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण हे पाच-दहा पैसे म्हणजे एका मोठ्या धंद्याची शिल्लक राहिलेली शेपूट आहे. एका बाजारात घ्यायचं, दुसऱ्या बाजारात विकायचं आणि मधला फरक खिशात टाकायचा, या धंद्यावर आपल्याकडे कितीतरी पेढ्या जगल्या. त्याला भारदस्त नाव आर्बिट्राज.

हा फरक मुळात का पडायचा आणि मग तो गेला कुठे, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात होता. जसजसं वाचत गेलो तसतसं मला वाटू लागलं की तो फरक शेअरचा नव्हताच, तो अंतराचा होता. एक अंतर गावागावांमधलं, दुसरं कागदाच्या प्रवासाचं आणि तिसरं चक्क वारांचं, म्हणजे सोमवार-मंगळवारचं. ही तिन्ही अंतरं एकेक करून मिटली. आणि ती मिटली तसे गावोगावचे शेअरबाजारही मिटले. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात झाडाखालून करावी लागेल. १८५० च्या दशकात मुंबईत टाऊन हॉलसमोर, म्हणजे आताच्या हॉर्निमन सर्कलपाशी, वडाच्या झाडाखाली मूठभर दलाल जमत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, पाठोपाठ शेअरचा ज्वर चढला आणि युद्ध संपताच तो उतरून भलेभले बुडाले. त्यातून सावरलेल्या दलालांनी १८७५ साली आपली संघटना बांधली, तोच पुढे मुंबई शेअरबाजार. अहमदाबादचा बाजार १८९४ चा. कलकत्त्याचे दलाल कडुनिंबाखाली उभे राहायचे, त्यांनी १९०८ मध्ये रीतसर बाजार सुरू केला. मद्रासला १९२० मध्ये पहिला प्रयत्न झाला, तो लवकरच गुंडाळला गेला आणि १९३७ मध्ये बाजार पुन्हा उभा राहिला.

आता गंमत बघा. या प्रत्येक बाजाराचा माल वेगळा होता. मुंबई-अहमदाबादला कापडगिरण्या, कलकत्त्याला ताग, चहा आणि कोळसा. आणि ते साहजिकच होतं. गिरणीचा भोंगा वाजतोय की नाही, मालकांच्या घरात भांडण लागलंय की नाही, हे गावातल्या माणसालाच आधी कळणार. माहिती गावाची, म्हणून बाजारही गावाचा.

पंचाईत सुरू झाली ती एकाच कंपनीचे शेअर दोन गावांत विकले जाऊ लागल्यावर. टाटा स्टीलचंच उदाहरण घ्या. १९०७ मध्ये कंपनी मुंबईत स्थापन झाली, कारखाना मात्र पार तिकडे कलकत्त्याच्या बाजूला. शेअरचे सौदे दोन्हीकडे होत. मुंबईत सकाळी चार मोठे गिऱ्हाईक खरेदीला उतरले की भाव वर जाणार, पण कलकत्त्याला त्याचा पत्ताच नाही. तिथे भाव कालचाच. समजा मुंबईत १०२ रुपये आणि कलकत्त्यात १०० रुपये. ज्याला दोन्ही भाव एकाच वेळी कळले, तो कलकत्त्यात घेणार आणि मुंबईत विकणार. त्याच्या खरेदीने कलकत्त्याचा भाव चढणार, विक्रीने मुंबईचा उतरणार, आणि दोन्ही गावं १०१ च्या आसपास कुठेतरी भेटणार. या माणसाला कंपनी चांगली की वाईट याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याचं भांडवल एकच, दुसऱ्या गावातली बातमी.

ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. १८५० मध्ये पॉल ज्यूलियस रॉयटर या गृहस्थांनी आखेन ते ब्रुसेल्स या मधल्या टप्प्यात कबुतरं उडवून शेअरबाजाराचे भाव पोचवले, कारण तेवढ्या टप्प्यात तारेची लाईन अजून जोडली गेलेली नव्हती. रॉयटर्स ही बातमीसंस्था उभी राहिली ती असल्या कामातून. १८६६ मध्ये अटलांटिक समुद्राच्या तळातून टिकाऊ तार गेली, तशी लंडन आणि न्यूयॉर्कचे भाव एकमेकांजवळ आले. पौंड-डॉलरच्या दराला परकीय चलनाच्या बाजारात अजूनही 'केबल' म्हणतात, ते त्या तारेवरून!

आपल्याकडे तार आली १८५० च्या दशकात, पुढे टेलिफोन आला. पण टेलिफोन आला म्हणजे लगेच बोलणं झालं असं नाही, हे माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते, आणि जितकी घाई तितका आकार. म्हणजे सरकारनेच अंतराचं दरपत्रक छापून ठेवलं होतं म्हणा ना. दोन गावांमधला भावफरक त्या आकारापेक्षा जास्त असेल तरच धंद्यात राम. म्हणून मोठ्या पेढ्या दोन्ही गावांत आपला माणूस ठेवत. बहुतेक वेळा तो नात्यातलाच असे, कारण फोनवर दोन शब्दांत हजारोंचा सौदा व्हायचा आणि लेखी काहीच नाही.

हे झालं पहिलं अंतर. दुसरं कागदाचं. शेअर म्हणजे तेव्हा छापील प्रमाणपत्र. सोबत ट्रान्स्फर डीड, त्यावर विकणाऱ्याची सही. कलकत्त्यात घेतलेला शेअर मुंबईत विकला, तर तो कागद मुंबईला पोचवणं आलं. मग पोस्ट, कुरियर, नाहीतर रात्रीच्या गाडीने जाणारा खात्रीचा माणूस. वाटेत कागद गहाळ झाला तर? सही जुळली नाही तर? कंपनीने 'सही जुळत नाही' असा शेरा मारून प्रमाणपत्र परत पाठवलं की झाली 'बॅड डिलिव्हरी', मग त्याच वाटेने उलटा प्रवास. बरं, डीडवर घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून तो कागद हातोहाती फिरायचा, त्यामुळे मूळ सही करणारा गृहस्थ कोणत्या गावात सापडेल याचाही भरवसा नाही. म्हणून हुशार पेढ्या दोन्हीकडे थोडे-थोडे शेअर बाळगून असत. इथले विकायचे, तिथे तेवढेच घ्यायचे, आणि कागद सवडीने आणायचे.

तिसरं अंतर वारांचं. पूर्वी रोजचा सौदा रोज मिटत नसे. ठरावीक मुदतीचे सौदे एकत्र करून शेवटी हिशेब व्हायचा. बाजाराच्या भाषेत याला वलण म्हणायचे. पण प्रत्येक बाजाराचं वलण वेगळ्या वारी संपायचं. एनएसई सुरू झाल्यावरची गोष्ट सांगतो. मुंबई शेअरबाजाराचा आठवडा सोमवार ते शुक्रवार आणि एनएसईचा बुधवार ते मंगळवार. म्हणजे सोमवारी मुंबई शेअरबाजारात शेअर घेतला, शुक्रवार आला, पैसे भरायची वेळ आली. काय करायचं? तिथे विकून टाकायचा आणि त्याच क्षणी एनएसईवर घ्यायचा. आता मंगळवारपर्यंत निवांत. मंगळवारी तिथे विकून पुन्हा मुंबई शेअरबाजारात. याची टोपी त्याच्या डोक्यावर! भावफरक आणि दलालीचे पैसे सोडले तर खिशातून दमडी न काढता महिनोन् महिने सौदा उभा. हे सरळसरळ बदल्याचंच भावंडं होतं. (बदला म्हणजे मुंबई शेअरबाजारात व्याज मोजून सौदा पुढच्या वलणात ढकलायची जुनी सोय.) बाजार जितके जास्त आणि त्यांचे वार जितके वेगळे, तितकी टोपी फिरवायला डोकी जास्त.

आणि बाजार खरंच खूप झाले होते. १९७३ च्या 'फेरा' कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करून भारतीय लोकांना शेअर विकावे लागले. त्यातून मध्यमवर्गाला शेअरची गोडी लागली. पुढे १९८० च्या दशकात गावोगावी शेअरबाजार निघाले. कानपूर, लुधियाना, गुवाहाटी, मंगळूर, पाटणा, जयपूर, राजकोट, भुवनेश्वर... आणि १९८२ मध्ये आपलं पुणं. पुणे शेअरबाजार कुठे होता माहिताय? सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर! साड्यांच्या आणि पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दीत देशातला एक मान्यताप्राप्त शेअरबाजार. १९९० च्या दशकात देशात असे वीसच्या वर बाजार होते. शिवाय नियम असा होता, की कंपनीने आपल्या नोंदणीकृत कार्यालयाला जवळच्या प्रादेशिक बाजारात शेअर नोंदवलेच पाहिजेत. हेतू चांगला होता. पुण्याच्या कारखान्यात पुण्याच्या माणसाने पैसे घालावेत आणि अडीअडचणीला पुण्यातच विकता यावेत.

पण व्यवहारात काय होत होतं? लहान गावातला गुंतवणूकदार गावातल्या दलालाकडे जायचा. तो दलाल मुंबईच्या दलालाला फोन करायचा. सौदा किती वाजता झाला, नेमक्या कोणत्या भावाने झाला, हे तपासायची काही सोय नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव छापून यायचा. तुमची खरेदी असेल तर तुमच्या कागदावर वरचा भाव आणि विक्री असेल तर खालचा, हा अनुभव इतक्या लोकांनी सांगितला आहे की त्याला अपवाद म्हणवत नाही. म्हणजे अंतराचा फायदा फक्त आर्बिट्राजवाला घेत नव्हता. मधल्या साखळीतला प्रत्येक जण आपापला वाटा घेत होता, आणि तो वाटा भरत होता साताऱ्या-सांगलीचा, धुळ्या-जळगावचा, पगारातून चार पैसे बाजूला टाकणारा माणूस.

मग १९९१ मध्ये फेरवानी समितीने देशभर पसरलेल्या एका राष्ट्रीय बाजाराची कल्पना मांडली. १९९२ च्या घोटाळ्याने जुन्या पद्धतीचे वाभाडे निघाले. त्याच वर्षी एनएसईची स्थापना झाली आणि डॉ. आर. एच. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ३ नोव्हेंबर १९९४ रोजी तिथे शेअरचे सौदे सुरू झाले. आरडाओरड करायला रिंगण नाही. गच्चीवर उपग्रहाची थाळी आणि टेबलावर संगणक, की झालं. गावोगावचा दलाल थेट एकाच यादीत ऑर्डर टाकू लागला. आधी आलेल्याला आधी, आणि चांगल्या भावाला प्राधान्य. समोरचा कोण आहे हे कुणालाच दिसत नाही. सौद्याची वेळ सेकंदासकट नोंदलेली. वर्षभरात एनएसईची उलाढाल सव्वाशे वर्षं जुन्या होत आलेल्या मुंबई शेअरबाजाराच्या पुढे गेली. मुंबई शेअरबाजारानेही मार्च १९९५ मध्ये संगणकावरची यंत्रणा सुरू केली आणि ती आरोळ्यांची, हातवाऱ्यांची दुनिया संपली. पहिलं अंतर मिटलं.

दुसरं मिटवलं डिमॅटने. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा, त्याच वर्षी एनएसडीएलची सुरुवात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांचे सौदे टप्प्याटप्प्याने डिमॅटमध्येच करणं सक्तीचं झालं. रात्रीच्या गाडीने कागद नेणाऱ्या माणसाची गरज उरली नाही.

तिसरं मिटायला मात्र एक धक्का लागला. मार्च २००१ मध्ये कलकत्ता शेअरबाजारात काही दलालांना पैसे चुकते करता आले नाहीत आणि मोठंच संकट उभं राहिलं. नंतरच्या संसदीय चौकशीत हेही पुढे आलं, की जिथे पहारा ढिला तिथे सौदे सरकत गेले होते. जुलै २००१ पासून सेबीने बदला बंद केला. प्रत्येक दिवसाचा हिशेब स्वतंत्र आणि सगळ्या बाजारांना एकच वेळापत्रक, अशी पद्धत आधी निवडक शेअरना आणि काही महिन्यांत सगळ्यांनाच लागू झाली. टोपी फिरवायला दुसरं डोकंच राहिलं नाही.

मला स्वतःला इथेच खरी मेख दिसते. प्रादेशिक बाजारांना एनएसईच्या थाळीने मारलं असं साधारणपणे म्हटलं जातं. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. थाळी आल्यावरही काही बाजार काही वर्षं तगून होते, आणि तिथल्या व्यवहारात अशा सरकवासरकवीचा वाटा मोठा होता. वार एक झाल्यावर तेही कारण संपलं. १९९८ मध्ये बऱ्याच प्रादेशिक बाजारांनी मिळून वाशीला 'इंटरकनेक्टेड' बाजार काढून बघितला. अनेक रिकाम्या दुकानांना जोडणारा रस्ता बांधला तरी गिऱ्हाईक कुठून येणार? मग पुण्यासकट बऱ्याच बाजारांनी स्वतःच्या उपकंपन्या काढल्या, आणि त्या उपकंपन्या एनएसई-बीएसईच्या सभासद झाल्या. म्हणजे जो बाजार होता तोच दुसऱ्या बाजाराचा दलाल झाला! २०१२ मध्ये सेबीने नियम केला, की वर्षाला १,००० कोटींची उलाढाल नसेल तर दोन वर्षांत दुकान आवरायचं. पुणे शेअरबाजाराने २०१५ मध्ये निरोप घेतला, मद्रासनेही त्याच वर्षी, अहमदाबादने २०१८ मध्ये. कलकत्त्याचे सौदे तर सेबीने २०१३ मध्येच थांबवले होते.

मग हे चांगलं झालं की वाईट? गुंतवणूकदार म्हणून विचाराल तर चांगलं, आणि त्यात मला शंका नाही. आज सांगलीच्या माणसाला जो भाव मिळतो तोच मुंबईच्या माणसाला. मधल्या साखळीत झिरपणारे पैसे त्याच्याकडेच राहतात. गावचा बाजार गेला म्हणून गळा काढणाऱ्यांनी त्या काळातली खरेदीची एखादी पावती काढून त्या दिवशीच्या पेपराशी ताडून बघावी.

पण एक हिशेब कुणी फारसा मांडत नाही. ज्या कंपन्या फक्त प्रादेशिक बाजारातच नोंदलेल्या होत्या, त्यांचं काय? आमच्या बाबांच्या कागदपत्रांत अशा एका छोट्या कंपनीची दोन प्रमाणपत्रं आहेत. (घरातल्या मंडळींना ती खाकी पाकिटातली माहीत आहेत.) कंपनी बनावट नव्हती. तिचा कारखाना होता, एकेकाळी लाभांशाचे छोटेसे चेकही येत. तिचा बाजार बंद झाल्यावर अशा कंपन्या 'डिसेमिनेशन बोर्ड' नावाच्या यादीत गेल्या. तिथे 'मला विकायचे आहेत' अशी नुसती पाटी लावता यायची, पण घेणारा कोण शोधणार? २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतरणही बंद झालं. वारसाहक्काने नाव लावायचं म्हटलं तरी इतके दाखले, इतकी प्रतिज्ञापत्रं, की शेअरच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. एका भावाच्या बाजारात या कागदांना शून्य भाव आहे. शून्यसुद्धा नाही म्हणा, कारण शून्य बोलायलाही कुणीतरी समोर लागतं.

आर्बिट्राजवाला माणूस या कागदांच्या वाटेला कधी गेलाच नाही, कारण त्याला दुसरा बाजार लागतो. मोठ्या शेअरचे दोन भाव त्याने एक केले. छोट्या शेअरला एक तरी भाव मिळावा म्हणून जो गावचा बाजार काढला होता, तो मोठ्या शेअरच्या उलाढालीवर जगत होता. ती गेली तशी याचीही चूल विझली. हे कुणी जाणूनबुजून केलं असं नाही, पण झालं असं.

आता व्यवहाराच्या दृष्टीने दोनच बाजार उरले, तेही एकाच शहरात. भावफरकाचा धंदा अजून चालतो, पण तो यंत्रं करतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत. एक जुनी अडचण मात्र बरीच वर्षं टिकून होती. एका बाजारात घेतलेलं आणि दुसऱ्यात विकलेलं, यांचे हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी व्हायचे. आज इथे घेऊन आजच तिथे विकलं, तर पोचवायला हातात शेअर लागायचे. जून २०१९ पासून दोन्ही बाजारांचे सौदे एकाच ठिकाणी वजा-जमा करायची सोय झाली. त्याची परीक्षा २४ फेब्रुवारी २०२१ ला लागली. तांत्रिक बिघाडाने एनएसई जवळजवळ चार तास बंद पडला आणि बीएसई चालू होता. अडकलेल्या काही सौद्यांना तिथून बाहेर पडता आलं, काहींना नाही. दुसरा बाजार कशाला हवा, असं विचारणाऱ्यांना त्या दिवशी परस्पर उत्तर मिळालं.

कुमठेकर रस्त्याने जाताना आता तिथे कधीकाळी शेअरबाजार होता हे सांगूनही पटणार नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. बाजार ही काही देवळासारखी जपून ठेवायची वस्तू नव्हे, काम संपलं की उठायचं. फक्त उठताना पथारीवर कुणाचे चार पैसे राहिलेत का, एवढं बघायला हवं होतं.

असो. तुमच्याही घरात कपाटाच्या तळाशी असं एखादं पाकीट असेल. आई-वडील आहेत तोवर त्यांच्यासमोर बसून उघडून बघा. कोणती कंपनी, कोणता बाजार, कुणाच्या सांगण्यावरून घेतले होते, हे नंतर कुठल्याच पडद्यावर सापडणार नाही.